अर्लच्या गाण्याचं तिसरं कडवं

“नीता, पंखा बंद कर. फोनमध्ये घरघर येईल.”

सिंगापूरच्या सेंगकांगमध्ये एप्रिलच्या सकाळी पंखा बंद करायचा म्हणजे स्वतःला वाफवून घ्यायचं. पण सासऱ्यांपुढे आमचं काय चालतं! मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. क्षिप्रानं, माझ्या लेकीनं, तिचा फोन पुस्तकांच्या चवडीवर टेकवून उभा केला.

बाबा, म्हणजे माझे सासरे प्रबोध मयेकर, स्टुलावर बसून बँजोचे कान पिळत होते. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बँजो नव्हे हं. हा गोल तोंडाचा, लांब मानेचा, पाच तारांचा. चौतीस वर्षं बाबा जहाजांवर इंजिनिअर होते. त्यातली दोन वर्षं त्यांच्यासोबत अर्ल नावाचा एक अमेरिकन चीफ इंजिनिअर होता, केंटकीच्या डोंगरातला. ड्यूटी संपली की तो मागच्या डेकवर बसून गायचा, आणि देवगडचा हा माणूस शेजारी बसून शिकायचा. कागदावर काही लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि म्हणायचं.

गेल्या महिन्यात अर्लची नात जून हिची ईमेल आली. आजोबांच्या पेटीत तिला एक फोटो सापडला होता, मागे बाबांचं नाव आणि जहाजाचं. जुन्या खलाशांच्या फेसबुक ग्रुपवरून तिनं बाबांना हुडकून काढलं. तिनं लिहिलं होतं, ‘आजोबा नदीवरचं एक गाणं म्हणायचे. आमच्या घरात आता त्याच्या चारच ओळी उरल्या आहेत. तुम्हाला ते येतं का?’

आठवडाभर बाबा हवेत होते. मग एकदम गप्प झाले. विचारलं तर म्हणायचे, “काही नाही गं, बोटं दुखतात.”

“आजोबा, हे गाणं स्कॉटिश का अमेरिकन? मेक अप युअर माइंड लाह,” क्षिप्रा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

“दोन्ही. अर्लच्या खापरपणजीनं ते स्कॉटलंडहून आणलं. डोंगरात आल्यावर लोकांनी जुन्या नदीचं नाव काढलं आणि दारातल्या नदीचं घातलं. आणि हा बँजो गोऱ्यांचा नाहीच मुळी. आफ्रिकेतून ज्यांना गुलाम करून नेलं, त्यांनी भोपळ्यावर कातडं ताणून तो केला. अर्लच्या आजोबाला रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या एका काळ्या मजुरानं शिकवला. त्याचं नावसुद्धा कुणी विचारून ठेवलं नाही. अर्लला त्याची फार लाज वाटायची. म्हणून त्याचा एक दंडक होता. गाण्याआधी ते कुणाकडून घेतलं ते सांगायचं. मगच तोंड उघडायचं.”

क्षिप्रानं बटण दाबलं. बाबांनी घसा साफ केला, आणि हे गाणं अर्लकडून घेतलं असं इंग्रजीत सांगून सुरू केलं. आवाज थरथरत होता, पण सूर पक्का होता. नावाडी नदीवरून जातो, त्याची बाई काठावर वाट पाहते. दोन कडवी झाली. आणि बाबा थांबले.

“तिसरं अर्लचं नाही,” ते म्हणाले. “मी विसरलो ते. त्याच्या जागी माझंच घातलंय.”

“मग म्हणून टाका ना बाबा,” मी पदरानं, म्हणजे ओढणीनं, घाम पुसत म्हणाले. “तिला कुठे कळणार आहे?”

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तू बँकेत कम्प्लायन्सला आहेस ना गं?”

माझे कान तापले. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांना हेच विचारत असते, हे कुठून आलं, कुणी दिलं, खरं सांगा.

बाबा फोनकडे वळले. “जून,” ते इंग्रजीत हळूहळू म्हणाले, “तुझ्या आजोबांचं तिसरं कडवं माझ्या हातून हरवलं. मला माफ कर. आता म्हणतो ते माझं आहे. माझी बायको गेली त्या वर्षी केलेलं. नको असेल तर काढून टाक.”

आणि ते गायले. देवगडच्या खाडीवर सुमित्रा कंदील घेऊन उभी आहे. नावाडी परत येतो. किती देश पाहिले, काय आणलं, ती काही विचारत नाही. एवढंच विचारते, जेवलात का?

मी जागची हलले नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून बाबांच्या तोंडून आईंचं, माझ्या सासूबाईंचं, नाव मी कधी ऐकलं नव्हतं. आई असताना ‘अगं’, आणि आता भिंतीवरच्या फोटोलाही ‘अगं, फिरून येतो गं’. त्यांच्या पिढीत बायकोला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. इंग्रजी गाण्यात मात्र ते अकरा वर्षं तिला नावानं हाक मारत होते, आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नाही.

क्षिप्रानं फाइल पाठवली. एक आठवडा गेला, दोन गेले. उत्तर नाही. बाबांनी बँजो पेटीत घालून पेटी कपाटावर ठेवली.

“त्यांच्या घरचं गाणं होतं,” जेवताना ते म्हणाले. “माझ्यावर विश्वासानं सोडलं होतं. आणि मी अशी माती खाल्ली.” त्यांनी ताटातला भात तसाच ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि त्या जूनचा रागही आला.

तिसऱ्या रविवारी उत्तर आलं. जून शाळेत शिकवते. परीक्षा होत्या, आणि मुलांकडून गाणं बसवून घ्यायला वेळ लागला, असं तिनं लिहिलं होतं. पुढे होतं, ‘आजोबांचं तिसरं कडवं आता कुणालाच आठवत नाही. आम्ही तुमचंच ठेवलं आहे.’ सोबत एक रेकॉर्डिंग होतं.

बाबा स्वतःच उठून पंखा बंद करायला गेले. क्षिप्रानं आवाज मोठा केला. आधी जून बोलली, “हे गाणं आम्ही सिंगापूरच्या प्रबोध मयेकरांकडून घेतलं. त्यांनी ते माझे आजोबा अर्ल यांच्याकडून घेतलं होतं.” मग वीस-पंचवीस मुलांचे आवाज. नदी तिथली, डोंगर तिथले. आणि तिसऱ्या कडव्यात, खाडीवर कंदील घेऊन, सुमित्रा.

बाबांनी क्षिप्राच्या हातून फोन घेतला. चालत फोटोपाशी गेले, खालच्या फळीवर फोन ठेवला, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

“सुमित्रा,” ते म्हणाले, “ऐक.”