सगुणाच्या नावाचं रक्त

सगुणाला वाघ चालला असता, सुई नाही. म्हणून रेवसला रक्ततपासणीचं शिबिर लागलं तेव्हा तिनं सरळ देवीला मध्ये घातलं. "घरात घट बसलाय. अंगातून रगत काढून देऊ व्हय?"

छातीच्या कॅन्सरची चाहूल गाठ हाताला लागण्याआधीच रक्तात सापडते का, हे मुंबईचे डॉक्टर पडताळत होते. त्यांना पंचेचाळिशीच्या पुढच्याच बायका हव्या होत्या आणि गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं सगुणाचं नाव देऊन टाकलं होतं. तिचा शब्द खाली पडू नये म्हणून एकतिशीची सून, कल्पिता, हसत निघाली. "आये, तुमचं कार्ड द्या. आधारच्या फोटोत मानूस सोताला वलखत न्हाय, तिथं कोन बघतंय!"

महिन्याभरानं फोन आला. सगुणाच्या रक्तात संशयाच्या खुणा आहेत, पुढची तपासणी करा. सगुणा अलिबागला मॅमोग्राफी करून आली. काही नव्हतं. सासू-सुना पोट धरून हसल्या. रक्त कल्पिताचं, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण तान्ही पोर पाजणाऱ्या बाईला कुठला आलाय असला रोग? त्या वयाच्या बायकांना तर डॉक्टरांनी शिबिरात घेतलंही नव्हतं. शिवाय खरं सांगावं तर लबाडी उघडी पडणार. सगुणा मूग गिळून बसली.

पावसाळ्यात कल्पिताला गाठ लागली. दुधाची असेल म्हणून दोन महिने शेकण्यात गेले. मुंबईला नेली तेव्हा रोग हाडांत उतरला होता. एक दिवस नवरा, अल्पेश, औषधं आणायला गेलेला पाहून तिनं सासूचा हात धरला.

"आये, त्या रगताचं यांना सांगू नका. तुमच्याशी जन्मात बोलायचे न्हाईत. मंग पोरीला कोन बघंल?"

सगुणानं मान डोलावली. मरणाऱ्या पोरीनं तिची चूक झाकली आणि तिनं ती झाकू दिली.

कल्पिता जाऊन चार महिने झाल्यावर मुंबईच्या डॉक्टरांच्या त्या अभ्यासातल्या रुचिका मॅडम घरी आल्या. नात सगुणाच्या मांडीवर होती, अल्पेश अंगणात मोटारसायकल पुसत होता.

"काकी, तुम्ही तर ठणठणीत! म्हणजे तुमच्या बाबतीत आमची टेस्ट चुकली. तसं लिहिते, इथं सही करा."

सही केली की सगळं होतं तसंच राहणार होतं. पोरगा बोलत राहिला असता, नात कुशीत झोपली असती. फक्त कल्पिताचं रक्त कागदावर खोटं ठरलं असतं. जिवंतपणी त्याचं कुणी ऐकलं नव्हतंच. आता मेल्यावरही त्याला खोटं पाडायचं, हे सगुणाला सोसवेना.

"तसं लिवू नको, बाय," ती म्हणाली. "तुमची तपासनी खरी बोलली. खोटी मी. ते रगत माझं न्हवतं, माझ्या सुनंचं व्हतं."

अल्पेश पायऱ्या चढून आला. आईच्या मांडीवरून त्यानं पोर उचलली आणि तो फाटकाकडे चालू लागला. पोर त्याच्या खांद्यावरून आजीकडे हात करून रडत होती. सगुणानं हात पुढे केले नाहीत.