नवरी झालीस की ये

आज सकाळी चांगलाच गारठा होता. संक्रांत होऊन चार दिवस झाले, तरी तारांवर अडकलेले पतंग अजून फडफडतायत. माझ्या पाठीवर दव साचलं होतं. आठच्या सुमाराला दोन बिल्डिंगींच्या फटीतून ऊन आलं, ते थेट माझ्या मांडीवर. असं ऊन पडलं की कुणी ना कुणी येऊन बसतंच. पण आज बसायला कुणी आलं नाही. लोटू गवंडी आला, हातात पहार घेऊन.

थांबा, मी मधूनच सुरू केलं. आज आनंदानं भान नाही बघा.

मी बाकडा. सिमेंटचा. सुरतेत कोसाडच्या वसाहतीत, दोन बिल्डिंगींच्या मधल्या अंगणात बसलोय. साच्यातून निघालो, टेम्पोत चढलो, इथं उतरलो, एवढाच माझा प्रवास. पाठीवर कुणाचं तरी नाव कोरलंय म्हणतात. मला वाचता येत नाही, आणि स्वतःची पाठ कुणाला दिसते?

ऐकून ऐकून मात्र पुष्कळ शिकलो. उगवतीच्या बिल्डिंगीत खानदेशची माणसं, मावळतीच्या बिल्डिंगीत गुजराती. दोन्हीकडचं बोलणं मला कळतं. फक्त तोंड नाही. घोळ झाला तो तिथंच.

सहा वर्षांमागे शोभाबाई इथं आल्या. मालक वारले, म्हणून गाव सोडून मुलाकडे, वाल्मिककडे राहायला. वाल्मिक लूमवर कामाला. शोभाबाईंना गुजराती एक अक्षर येत नव्हतं. समोरच्या चंचलबेन माझ्यावर बसून साड्यांना लेस लावायच्या. हातवारे करत, हसत दोघींची मैत्री झाली. चंचलबेन टाके शिकवायच्या, शोभाबाई घरून शेंगदाण्याची चटणी आणायच्या.

एक दिवस शोभाबाई धुण्याची बादली घेऊन चालल्या होत्या. चंचलबेनच्या मांडीवर लालभडक साडी होती. ती हलवत त्या ओरडल्या, "शोभा, नवरी थाय एटले आवजे!"

गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी. धुणं उरकलं की ये, एवढंच त्या म्हणाल्या. शोभाबाईंनी ऐकलं ते असं: नवरी हो, मग ये. कपाळ पुसून चार महिने झालेली बाई ती, आणि समोर लाल साडी! बादली तिथंच ठेवून त्या वर गेल्या.

काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. असा शब्द तोंडातून काढायचा कसा? मुलाला एवढंच म्हणाल्या, "ती बाई वंगाळ शे. तिन्हासंगे बोलू नको." आणि चंचलबेन म्हणत राहिल्या, "बहु अभिमान छे एने."

मी मधे बसून सगळं जाणत होतो. सहा वर्षं! छाती असती तर फुटली असती.

सगळं भांडण त्या एका शब्दाचं नव्हतं म्हणा. दिवसच पालटले. खटखट करणारे लूम भंगारात गेले. नव्या मशिनीवर एकटा माणूस चौघांचं काम करतो. वाल्मिक घरी बसला. समोर चंचलबेनचा महेश हिरे घासायचा, त्याचाही कारखाना बंद पडला. घरी बसलेल्या माणसाला समोरच्याची गाडी खुपते, पाण्याची मोटर खुपते, गणपतीचा आणि गरब्याचा भोंगा तर फारच खुपतो. शेवटी ठरलं, मधे भिंत घालायची. भिंतीची दोरी बरोबर माझ्या पोटावरून गेली.

तर आज. विटांचा एक थर तिकडच्या टोकाला लागला. मग लोटू पहार घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "जोडीला एक माणूस पाहिजे भाऊ, हे धूड एकट्यानं निघायचं नाही."

दोन्हीकडची माणसं जमली होती. चंचलबेन म्हणाल्या, "मारा महेशने लई जाओ. छ महिनाथी नवरो बेठो छे."

इकडे जिन्यात शोभाबाई नातीचा, मयुरीचा हात धरून उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "ऐक व! सहा महिना पाईन नवरा बठेल शे म्हने! दोन पोरेसना बाप तो, आते कसाना नवरा?"

मयुरी गुजराती शाळेत शिकते. ती खो खो हसली. "आजी, नवरो म्हणजे रिकामा! आपले पप्पापण नवरोच!"

"गप ग," वाल्मिक म्हणाला. महेशला हसू आलं. दोन्ही बिल्डिंगी हसल्या.

शोभाबाई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मंग... नवरी म्हंजे?"

"रिकामी."

त्या आल्या आणि माझ्यावर बसल्या. सहा वर्षांनी! "अय माय वं," एवढंच म्हणत राहिल्या. मयुरीनं खोदून विचारलं, ऐकलं, आणि तिथूनच चंचलबेनना ओरडून सांगितलं.

चंचलबेनना तो दिवस आठवतसुद्धा नव्हता. "हाय हाय! हुं तने एवुं कहूं?" म्हणत त्या लोटूची दोरी ओलांडून आल्या. "छ वरस मोढुं चढावीने बेठी! पूछवुं तो हतुं, गांडी!" गांडी म्हणजे वेडी, भलतं ऐकू नका; तोंड फुगवून बसलीस, विचारायचं तरी, असं त्या म्हणत होत्या.

"कशी इचारू? माले लाज वाटे."

मग दोघी माझ्यावर बसून रडल्या, हसल्या, परत रडल्या. लोटू पहार धरून उभाच. "मी काय करू? मारू का नको?"

"आम्हले उठाडी दाखाड," शोभाबाई म्हणाल्या. लोटूनं पहार खाली ठेवली आणि बिडी पेटवली.

भिंत रद्द झाली, असं समजू नका. रविवारी मिटिंग आहे, आणि कुरकुर करणारे दोन्हीकडे आहेत. पण विटांच्या त्या एका थरावर आत्ता वाल्मिक आणि महेश बसलेत, आणि काम कुठं निघतंय ते एकमेकांना सांगतायत. मी म्हातारा, मला याहून जास्त काय पाहिजे? तुम्हाला एक मागणं आहे. शब्द लागला तर उठून जाऊ नका. एकदा विचारा. माझ्यासारख्याला विचारता येत नाही हो, तुम्हाला येतं.

दुपार झाली. चंचलबेन साड्यांचं गाठोडं घेऊन खाली आल्या आणि वर बघून ओरडल्या, "शोभा! नवरी थई?"

गॅलरीतून उत्तर आलं, "आजून नही व! दोन भाकरी बाकी शेत!"

चंचलबेननी गाठोडं माझ्यावर ठेवलं, पदरानं माझी धूळ झटकली आणि माझ्या पाठीवर थाप मारून, घरातल्या म्हाताऱ्याला हाक मारावी तसं म्हणाल्या, "डोसा, तू तो कायमनो नवरो. जरा जग्या राख, मारी बेन आवे छे."