नव्वद किलोंचा मैल

नैरोबीपासून दूर, उंच डोंगरावरच्या इतेन गावात एखाद्याला 'काय करता?' असं विचारलं, तर तो किती अंतर पळतो ते सांगतो. मास्तर असो, न्हावी असो, चर्चमधला पाद्री असो, प्रत्येकाने कधीतरी काहीतरी पळलेलं असतं आणि चहाचा पहिला कप संपायच्या आत ते तुमच्या कानावर घातलेलं असतं. अशा गावात, त्यातही मझी कोमेनच्या घरात, जोआश रग्बी खेळणारा निघाला. आता ह्याला कोण काय करणार?

मझी कोमेन म्हणजे जोआशचा म्हातारा बाप; वडीलधाऱ्याला तिकडे मझी म्हणतात. तरुणपणी सैन्याकडून डोंगरदऱ्यांतल्या शर्यती गाजवलेला, आणि ते अजून अंगात भिनलेलं. थोरला एल्काना पळण्यावर पोट भरतो. खरं सांगायचं तर दुसऱ्यांच्या पळण्यावर. तो ससा आहे. मोठ्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे राहून ठरलेला वेग बांधून द्यायचा, मागच्यांनी त्याच्या आडोशाने यायचं, आणि ठरलेली जागा आली की ह्याने गपचूप गवतात उतरून उभं राहायचं. पुढे विक्रम होतो तो दुसऱ्याचा, फोटो निघतो तोही दुसऱ्याचा. युरोपातले शर्यतवाले त्याला दर उन्हाळ्यात बोलावतात, कारण त्याचे पाय घड्याळाबरहुकूम पडतात. घरी छप्पर पक्कं झालं ते ह्याच पायांवर.

धाकट्या जोआशची गोष्टच वेगळी. नैरोबीत त्याला रस्त्यावर पोरं गराडा घालतात, दुधाच्या जाहिरातीत तो चौकाचौकात हसत उभा असतो. आणि गावी आला की शेजारीपाजारी विचारतात, "अजून ते चेंडूचंच चाललंय का रे तुझं?" दर डिसेंबरात तो सुटीला यायचा आणि बापाला विचारायचा, "बाबा, या वर्षी येता ना सामना बघायला?" म्हातारा म्हणायचा, "बघू." अशी दहा वर्षं बघण्यात गेली. एल्कानाला भावाची कणव यायची आणि बापाच्या हट्टाचा रागही यायचा. या खेपेला तर जोआशने घरात पाऊल टाकताच सांगितलं होतं, की गुडघा आता साथ देत नाही, येणारा मोसम शेवटचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेलागटच्या हॉटेलात विषय निघाला. चेलागटच्या चहात दूध जास्त आणि तोंडात दयामाया कमी. म्हणून सकाळचं पळून आलेले सगळे तिथेच जमतात. भिंतीवरच्या टीव्हीवर कुठल्याशा परदेशी फुटबॉलपटूचं कौतुक चाललं होतं, की हा एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो.

"पळतो कुठला!" बिवोट म्हणाला. हा गावातला सध्याचा सगळ्यात वेगवान आणि त्याहून वेगवान तोंडाचा. "अर्धा वेळ कमरेवर हात ठेवून उभा असतो. एक मैल पाच मिनिटांच्या आत पळायला सांगा, तिसऱ्या फेऱ्यात पंचांकडे बघून लोळण घेईल."

"आणि बॉक्सर?" चेलागटने विचारलं.

"बॉक्सर पळेल की. पण तीन मिनिटं झाली की घंटेची वाट बघत थांबेल."

"पोहणारा? त्याची छाती बघ केवढी असते."

"छाती आहे हो मावशी, पण तिला जमिनीवर वाहून कोण नेणार?"

सगळे खदखदून हसले. एल्काना हसला नाही. असल्या प्रश्नावर तो मनापासून विचार करायचा. पंचवीस वर्षं पळून त्याला एवढंच उमगलं होतं, की थकवा एका जातीचा नसतो. सायकलवाल्याचा थकवा मांड्यांत बसतो, कुस्तीवाल्याचा मानेत. प्रत्येक खेळ आपापला थकवा शिकवतो आणि खेळाडू त्याच्याशी जमवून घेतो. मैलाचा थकवा मात्र मैलच शिकवतो. दोन फेरे तुम्ही स्वतःला फसवू शकता. तिसऱ्यात दम नसतो, चौथ्याचा उत्साह अजून आलेला नसतो, आणि डोकं गोड आवाजात समजावू लागतं, की थांबलास तरी काही बिघडत नाही. जगातला कितीही मोठा खेळाडू असो, तो आवाज त्याने आधी ऐकलेला नसला तर तो पहिल्यांदा त्याचं ऐकणारच.

"मैल पाच मिनिटांच्या आत ना?" कोपऱ्यातून जोआश म्हणाला. "आमच्या संघातला कुणीही पळेल."

बिवोटने त्याच्या मांड्यांकडे नजर टाकली. "दादा, तू पळालास तर पळायची जागा नांगरून निघेल. पाहिजे तर मागनं मका पेरून घेऊ."

जोआशही हसला. पण मझी कोमेनने कप खाली ठेवला. "कुणीही नको," तो म्हणाला. "तू पळ."

"पळालो तर?"

"तर नैरोबीला येईन. सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बघेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर परत मला विचारायचं नाही."

जोआशने क्षणभर बापाकडे बघितलं आणि मान डोलवली. एल्कानाने मनात हिशोब मांडला. नव्वद किलोंचं शरीर, दुखरा गुडघा, आणि इतेनची ही विरळ हवा, जिथे परगावचा माणूस जिना चढला तरी धापा टाकतो. म्हाताऱ्याने पक्का डाव टाकला होता.

पुढचे दोन आठवडे एल्कानाने धाकट्याला हाताशी धरलं. जोआश सुसाट सुटायचा आणि दुसऱ्या फेऱ्यातच त्याचा भाता व्हायचा. त्याच्या खेळात झडप घालायची, पडायचं, उठायचं, पुन्हा झडप घालायची असं असतं. सारखा एकाच वेगाने पळत राहणं त्याला शिक्षा वाटायचं.

"दादा, हे काय पळणं आहे? ह्या वेगानं तर मी पावाची लादी आणायला जातो."

"मग लादी आणायलाच चाललायस असं समज. घाई करायची नाही. प्रत्येक फेरा चौऱ्याहत्तर सेकंदांत. कमी नाही, जास्त नाही."

"आणि डोक्यात मुंग्या आल्या तर?"

"येणारच आहेत. तू माझ्या पाठीकडे बघ. घड्याळ बघू नकोस, बाबांकडे बघू नकोस. मी शेवटपर्यंत तुझ्या पुढं आहे."

हळूहळू त्याला ते जमू लागलं. एका सकाळी तीन फेरे अगदी मापात पडले, तेव्हा एल्कानाला पहिल्यांदा वाटलं की हे होऊ शकतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने जोआशच्या ताटात मक्याच्या पिठाच्या उगालीचा मोठा डोंगर वाढला आणि आईने 'आज काय सण आहे का?' म्हणून विचारलं. त्याला सांगता आलं नाही, पण भावाला बापासमोर जिंकलेला बघायची त्याला तहान लागली होती.

ठरलेल्या मंगळवारी मातीच्या मैदानावर निम्मं गाव लोटलं. वेगाचा सराव आटोपलेले पळणारे घामेजल्या अंगावर जाकिटं चढवून कडेला बसले होते. चेलागट किटली घेऊन आली होती. मझी कोमेन रेषेपाशी उभा होता, हातात सैन्यातलं जुनं थांबघड्याळ. मैल म्हणजे चार फेरे आणि वर थोडं, म्हणून दोघे भाऊ रेषेच्या थोडं मागे उभे राहिले. बिवोटने ओरडून विचारलं, "नांगर धरायला कुणी आहे का रे?" आणि म्हाताऱ्याने हात खाली केला.

पहिला फेरा लादी आणायला निघाल्यासारखा गेला. दुसराही मापात पडला. एल्कानाला मागून भावाचा श्वास ऐकू येत होता, जड पण बांधलेला. कडेच्या लोकांची थट्टा थांबली. पळणाऱ्या माणसांना दुसऱ्याचं पळणं लगेच कळतं. आता ते गुडघ्यांवर कोपर टेकून नीट बघू लागले होते. तिसऱ्या फेऱ्यात जोआशचा श्वास फाटला. एल्कानाने वेग तसूभर बदलला नाही. तो नुसता म्हणत राहिला, "पाठ बघ, पाठ बघ." तिसऱ्या फेऱ्याचं शेवटचं वळण संपलं, सरळ रस्ता लागला. अजून सगळं मापात होतं.

आणि मग एल्काना बाजूला झाला.

त्याने ठरवलं नव्हतं. त्याच्या डोक्यात तसा विचारही नव्हता. वीस वर्षं शेवटच्या फेऱ्याच्या तोंडाशी जे पाय उजवीकडे वळत आले होते, ते आजही वळले. दोन पावलांत तो गवतात होता, कमरेवर हात ठेवलेला, मान खाली, अगदी शर्यत संपवलेल्या सशासारखा. कानावर लोकांचा गलका आला तेव्हा त्याला कळलं की आपण काय केलं. त्याने मान वर केली.

जोआश पुढे गेला होता, पण पळत नव्हता. तो वळून मागे बघत होता. पार मान मुरडून, खांद्यावरून, डोळे भिरभिरत त्याला शोधत. पाय रखडले, गती मोडली.

"पुढं बघ! अरे पुढं बघ!" एल्काना किंचाळला. मैदानाच्या मधून तिरका धावत तो पलीकडच्या वळणावर पोचला, पुन्हा भावाच्या पुढे लागला. पण एकदा मोडलेला वेग मैलात परत जुळत नाही. जोआशने मात्र काही शिल्लक ठेवलं नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, गुडघा बाहेर फेकला जात होता, तरी तो शेवटच्या शंभर मीटरात असा झेपावला की बिवोट उभा राहून ओरडायला लागला, "ये रे दादा! ये!" रेषा ओलांडून जोआश तोंडावर मातीत पडला.

म्हाताऱ्याला वेळ सांगावी लागली नाही. इतेनमध्ये ज्याच्या हाताला घड्याळ नाही असा माणूस नाही. पन्नास घड्याळं एकदम थांबली आणि सगळ्यांनी एकच आकडा वाचला. पाच मिनिटं आणि दोन सेकंद.

एल्काना भावापाशी गुडघ्यांवर बसला. "माझ्यामुळं," तो म्हणाला. "जोआश, माझ्यामुळं गेलं रे. पायच वळले." त्याला स्वतःचे पाय तोडून टाकावेसे वाटत होते.

मझी कोमेन सावकाश चालत आला. धाकट्याच्या डोक्याशी उभा राहिला.

"मागं का वळलास?"

जोआश कसाबसा उठून बसला. तोंडात माती गेली होती, ती थुंकली. "दादा दिसेना. वाटलं, पाय मुरगळला ह्याचा."

"मुरगळू दे. मैल पळत होतास ना तू? मैलात मागं कोण बघतं?"

"आमच्यात बघावं लागतं, बाबा." तो धापा टाकत तुकड्यातुकड्यांनी बोलत होता. "चेंडू पुढं फेकता येत नाही. मागच्यालाच द्यायचा. आपला माणूस कुठं आहे हे बघितल्याशिवाय पुढं पळताच येत नाही. सवय झालीय. गेले दोन सेकंद त्यात."

मग म्हातारा एल्कानाकडे वळला. "तू किती वर्षं असा बाजूला होतोयस?"

"वीस झाली असतील."

"कधी कुणी वळून बघितलं?"

एल्कानाला वेगवेगळ्या शहरांतली मैदानं आठवली, आणि गवतात उभं राहून बघितलेल्या पाठी. एकामागून एक दूर जाणाऱ्या, एकीनेही मान न वळवलेल्या. वळवायचं काही कारणही नव्हतं. वळणारा हरला असता. त्याबद्दल आपली काही तक्रार नाही, असंच त्याने आजवर धरलं होतं. आता एकाएकी त्याला भावाच्या मातीने माखलेल्या चेहऱ्याकडे बघवेना.

"नाही, बाबा," तो म्हणाला.

मझी कोमेनने थांबघड्याळ खिशात टाकलं. "पाच मिनिटांत बसला नाहीस," तो जोआशला म्हणाला. "ठरलं ते ठरलं. आता तू मला विचारायचं नाही."

जोआशने खाली बघून मान हलवली.

"म्हणून मी विचारतो. सामना कधी आहे?"

जोआशने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला आणि एवढ्या मोठ्या देहाचे खांदे लहान पोरासारखे हलू लागले. म्हातारा थोरल्याकडे बघून म्हणाला, "तो राहू दे. तू सांग, कधी आहे?"

एल्काना सांगायला गेला आणि तसाच थांबला. त्याला माहीत नव्हतं. या वर्षीचं नव्हतं, मागच्या वर्षीचंही नव्हतं. दहा वर्षांत जोआशने त्यालाही कितीदा बोलावलं असेल, आणि त्याने एकदाही तारीख विचारून घेतली नव्हती.