चंदेरी बाजू बाहेर

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचा तर मुळीच नव्हे. उभ्या मोटारीच्या पुढच्या काचेला आतून टेकून बसायचे आणि ऊन आल्या वाटेने परत पाठवायचे, हे माझे काम. आज माझी चमक उडाली आहे. नवा होतो तेव्हा माझा रुबाब पाहण्यासारखा होता, उपयोग मात्र शून्य. ते कसे, ते सांगतो.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. कोट शिवण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. टाका शोधायला भिंग लागावे इतके काम बारीक, आणि स्वतःचे चुकले हे कबूल करायला आठवडा लागावा असा स्वभाव. त्याची थोरली बहीण त्याच्याच घरी राहत असे. तिला आपण ताईच म्हणू. ताईची मूत्रपिंडे थकली होती. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन चार तास यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. ने-आण शिंप्याकडे.

गाडी जुनी होती, तिचा एसी कधीच बंद पडला होता. चार तास दवाखान्याच्या मैदानात तापली की तिच्या आसनावर हात ठेववत नसे. यंत्रावरून उठलेल्या माणसाच्या अंगात त्राण नसते. एकदा दार लावल्याबरोबर ताईला भोवळ आली. घरी पोचून पाणी प्यायल्यावर तिने शांतपणे निकाल दिला.

"मी आता जायची नाही. सुया टोचा, चार तास निजवा, सगळं सोसते. पण त्या भट्टीत पुन्हा बसणार नाही."

"अगं, न जाऊन कसं चालेल?"

"नाही चालणार, माहीत आहे मला. तरी नाही."

दवाखान्याची पुढची पाळी परवावर आली होती. शिंप्याने गिऱ्हाइकांचे कोट बाजूला सारले आणि मला शिवायला घेतले. एका बाजूला पत्र्यासारखे चकचकीत चंदेरी कापड, दुसऱ्या बाजूला उत्तम काळे कोटाचे कापड, कडेने गोट. काम इतके देखणे झाले की तो स्वतःच मला तीनदा लांबून पाहून आला. मग त्याने ताईला गळ घातली, "एकदाच चल. नाही जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही." ताई गेली.

आणि मित्रांनो, गाडी नेहमीपेक्षा जास्त तापली. शिंप्याने मला काळी बाजू काचेकडे करून लावले होते! तो तरी काय करणार? चकचकीत कापड म्हणजे अस्तर आणि अस्तर आतच असते, ही त्याची तीस वर्षांची समजूत. मी चार तास काळ्या पाठीने ऊन प्यालो आणि आत ओतत राहिलो.

परतताना ताईने मला मांडीवर घेतले, तोच चटका बसून दूर ढकलले.

"कोट उलटा घातलायस तू याला," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"चकचकीत ते अस्तर, ताई. अस्तर बाहेर काढून फिरवू? लोक काय म्हणतील?"

"ऊन काय तुझं गिऱ्हाईक आहे, शिवणीला नावं ठेवायला?"

घराच्या दारात पोचल्यावर शिंपी म्हणाला, "अजून एक पाळी दे मला. एकच." ताई हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गाडी घेऊन मैदानात गेला, माझी चंदेरी बाजू बाहेर करून. तिथल्या पाण्याच्या उंच टाकीची सावली कुठे कुठे सरकते, ते दर अर्ध्या तासाने त्याने खडूने आखले. रखवालदार हसत म्हणाला, "काय मास्तर, मैदानाला पँट शिवताय का?"

"माप घेतोय. हे कापड सारखं सरकतंय."

तेव्हा त्याला कळले की इतके दिवस तो गाडी सकाळच्या सावलीत लावत होता आणि तासाभरात सावली तिला सोडून जात होती. मग पाळीच्या दिवशी त्याने गाडी आधी उन्हात लावली, कारण शेवटचे दोन तास सावली तिथे येणार होती. दोन्हीकडच्या काचा दोन बोटे उघड्या. आसनावर पांढरी चादर, आसनाच्या पट्ट्याच्या धातूच्या कडीवर ओले फडके. ताई बाहेर यायच्या आधी त्याने एका बाजूची काच पूर्ण उतरवली आणि समोरच्या बाजूचे दार दहा वेळा उघडझाप करून कोंडलेली हवा हाकलली. रखवालदार आता हसत नव्हता, दुसरे दार धरून उभा होता.

ताई परिचारिकेच्या आधाराने आली. इस्त्री तापली का पाहावे तशी तिने आसनाला दोन बोटे लावली. मग बसली. मला मांडीवर घेऊन चाचपत ती म्हणाली,

"या कोपऱ्यात टाका सैल आहे तुझा."

"घरी गेल्यावर घालतो."

"परवा निघायच्या आधी घाल म्हणजे झालं."

शिंप्याने गाडी सुरू केली, पण पहिला गिअर त्याला दोनदा टाकावा लागला.

त्यानंतर सात उन्हाळे मी काचेवर पहारा दिला आणि ताईने एकही पाळी चुकवली नाही. मैदानातल्या चालकांनी माझी नक्कल केली, तोंडभरून कौतुकही केले. थंडीत मात्र कोणी ओळख देत नाही. मला चुरगाळून आसनाखाली कोंबतात आणि माझ्यावर चिखलाचे बूट ठेवतात. तक्रार नाही, पण मोडलेल्या घडीतून चमक जाते आणि ती परत येत नाही, एवढे लक्षात असू द्या. मला कोरडे पुसा, माझ्याच घडीवर दुमडा.

आणि एक. माझ्या भरवशावर कुणाला बंद गाडीत सोडून जाऊ नका. लहान मूल असो, म्हातारे माणूस असो, कुत्रे असो. दोन मिनिटांसाठीसुद्धा नको. मी ऊन अडवतो, एवढेच. आत बसलेल्याचा जीव घाबरा झाला तर मला दार उघडता येत नाही.