आईला प्रश्न विचारा

कमळने मोबाइल नारळांच्या ढिगाला टेकवला, तो घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. शेवटी शेजारच्या शकूने तो दोन्ही हातांत धरला.

"आता बोल बाई, पण लवकर आटप. फुकटच्या शाळेपायी माझे हात भरून यायचे."

फुकटची शाळा हा शकूचा आवडता विषय होता. दिवेआगरातली कुणाची पोरं दुबईला, कुणाची मस्कतला. परदेश म्हटला की पगार आलाच. कमळची नेत्रा मात्र कंबोडियाला गेली ती हॉटेलांत नि कारखान्यांत राबणाऱ्या तरुण पोरांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायला, तेही बिनपगारी. "लष्कराच्या भाकऱ्या," असं शकू म्हणे, आणि कमळ ऐकून घेई. महिनाअखेर सहा महिने भरत होते, मग नेत्रा परत येणार होती. चक्रीवादळाने वाडी आडवी केली, त्यानंतर मायलेकींनी मिळून लावलेल्या पोफळींना यंदा पहिली सुपारी धरली होती. ती पिकून गळायला लागली, तरी नेत्रा येईपर्यंत कमळ गड्याला झाडाला हात लावू देत नव्हती. नवरा गेल्यापासून वाट बघण्याजोगं एवढं एकच माणूस तिला उरलं होतं, आणि आता वाट बघून ती अगदी थकली होती.

पडद्यावर नेत्रा आली. तिच्यामागे बाकांवर दहाबारा तरुण मुलंमुली ताठ बसली होती.

"आई, आज यांचा सराव आहे. हे तुला इंग्रजीत प्रश्न विचारतील, मी मराठीत सांगेन. तू मराठीत बोल. घाबरू नको हं."

"मी कशाला घाबरू? तीच घाबरलीत बघ."

पहिला मुलगा उठला. घर केवढं आहे, असं त्याने विचारलं.

"कसलं घर? चार खोल्या न् वर पत्रा. तोपण दोन जागी गळतो."

नेत्राने वर्गाला इंग्रजीत सांगितलं की आईचं घर फार सुंदर आहे आणि समुद्राच्या अगदी जवळ आहे.

कमळ गालातल्या गालात हसली. दहा वर्षं होमस्टे चालवणाऱ्या बाईला इंग्रजी बोलता येत नसलं, तरी ऐकता येतं. भात कच्चा राहिला, बाथरूम लहान आहे, हे पाहुणे तिच्यादेखत इंग्रजीत बोलत. कमळ काहीच न कळल्यासारखी ताक वाढी आणि दुसऱ्या दिवशी भात नीट शिजवी. नेत्राला याचा पत्ता नव्हता. आपलं ओबडधोबड बोलणं लेक न्हाऊमाखू घालून पुढे करते, हे ऐकायला कमळला इतकं गोड वाटत होतं, की मला कळतं गं, असं सांगायचं तिने आजही टाळलं.

मग सोखा नावाची मुलगी उठली. ती एका हॉटेलात चादरी धुण्याचं काम करी. तिने आधी हात जोडले.

"थँक यू, मदर. टीचर स्टे वन मोअर इयर. वी आर व्हेरी हॅपी. यू आर व्हेरी काइंड."

नेत्राचा चेहरा उतरला. तिने हातातल्या वहीची पानं उगाच चाळली.

"आई, ती विचारते, तुमच्याकडे पाऊस कधी लागतो?"

"सांग की," शकू म्हणाली, "जूनात."

लेक खोटं बोलली याचा कमळला राग आला नाही. हे सांगायला जीभ रेटेना म्हणून पोरीने किती दिवस गिळून ठेवलं असेल, याचंच तिला वाईट वाटलं. आणखी एक वर्ष. नको, ये आता, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सोखा हात जोडून तशीच उभी होती, आणि मागची सगळी पोरं कमळच्या तोंडाकडे बघत होती. कमळने पदराने तोंड पुसलं.

"येस," ती सरळ सोखाला म्हणाली. "वन इयर. ओके."

"आई!"

कमळ थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

"बट टीचर नो ईट ब्रेकफास्ट. ऑलवेज रन. यू चेक."

साऱ्या वर्गाने माना खाली घालून ते वह्यांत उतरवून घेतलं. त्यातलं चुकीचं इंग्रजी दुरुस्त करायचं नेत्राला सुचलं नाही; ती डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"ब्रेकफास्ट व्हॉट टाइम, मदर?" सोखाने विचारलं.

"एट टू टेन," कमळ पाहुण्यांना बजावावं तशी म्हणाली. "आफ्टर टेन, नो."

शकूला यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं एवढं कळलं होतं.

"काय गं, काय ठरलं? कधी येते ती?"

"मोबाइल हलवू नको," कमळ म्हणाली. "तिचं तोंड दिसू दे मला."