वाळूतला शंख

टाकीवालीला लोक टाकीवालीच म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. दवाखाना असो, हॉटेल असो की कुणाची बैठकीची खोली, जिथे जिथे काचेत समुद्र कोंडून ठेवलेला असे तिथे ती बादल्या, नळ्या आणि जुने टूथब्रश घेऊन हजर. एवढ्या घरांत एकच घर तिच्या अंगावर यायचं, ते सूरवाल्या काकांचं.

काका जन्मापासून आंधळे. घरोघर जाऊन पियानो सुरात लावण्यात त्यांचा जन्म गेला. समुद्री टाकी ही काकूंची हौस. काकू आठ महिन्यांपूर्वी गेल्या, टाकी मागे राहिली. तिच्यात प्रवाळ, सहा मासे आणि मधोमध वाळूत रोवून बसलेला ताटलीएवढा निळा शिंपला. वरच्या मजल्यावर काकूंची धाकटी बहीण राहायची. तिने कितीदा सुचवलं, भाऊजी, देऊन टाका कुणाला तरी. काका ऐकायचे नाहीत. रोज सकाळी बाही वर सारून ते हात पाण्यात घालत, शिंपल्याजवळ बोटं हलवत. पाणी हललं की शिंपला मिटे. "आहे," असं म्हणून ते हात पुसत आणि चहाला लागत.

घरात दिवा लावायचं कारणच नव्हतं. पडदे ओढलेले असत आणि टाकीचे दिवे अकराला आपोआप लागत. टाकीवाली आठला यायची, तेव्हा पंपाच्या घुमण्याखेरीज त्या खोलीत काही नसायचं. काकूंची चप्पल अजून दाराशीच होती. दर वेळी तिचा पाय त्या चपलेवर पडायचा आणि दर वेळी ती मनातल्या मनात माफी मागायची.

एके दिवशी काकांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाले, शिंपल्याच्या मिटण्यात जोर राहिला नाही.

तिने रात्रीच्या जिवांना न बुजवणारा कपाळावरचा लाल दिवा लावला आणि टाकीवर वाकली. शिंपल्याच्या कडेला, मऊ मांस बाहेर येतं तिथे, पांढरे दाणे चिकटले होते. तांदळाएवढे, पण जवळून पाहिलं तर प्रत्येकाला पीळ. या गोगलगायी तिच्या चांगल्या ओळखीच्या. उजेडात वाळूत दडून राहायच्या आणि अंधार झाला की वर येऊन, सोंड खुपसून शिंपल्याला थेंबाथेंबाने पिऊन टाकायच्या. तिने शिंपला उचलून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरला, टूथब्रशने कडा आणि तळ घासला, तळाशी चिकटलेले अंड्यांचे बुळबुळीत पुंजकेही खरवडून काढले. शेहेचाळीस निघाल्या. "हे एकदा करून भागत नाही," तिने काकांना सांगितलं. "दीडेक महिना पिच्छा पुरवावा लागेल."

मदतीला म्हणून तिने एक बारीक पट्टेरी मासा आणून सोडला. या गोगलगायी तो आवडीने खातो. चार दिवसांत मासा नाहीसा झाला. उडी मारली असेल म्हणून तिने जमिनीवर शोधलं, पंपाच्या जाळीत शोधलं. खवलाही सापडला नाही. दुसरा आणला, तोही गेला. मग काकूंच्या वेळच्या सहांपैकी दोन गेले. आजारी मासा आधी कोपऱ्यात बसतो, रंग सोडतो. इथे संध्याकाळी मासा ठणठणीत असायचा आणि सकाळी त्याची जागा रिकामी.

तिसऱ्या आठवड्यात ती ब्रश घेऊन बसलेली असताना काकांनी हलकेच विचारलं, "तू काचेवर टकटक करतेस का गं?"

ती नाही म्हणाली.

मग ते सांगू लागले. काकू टाकी साफ करायच्या तेव्हा अंगठी काचेवर वाजवायच्या. एकदा वाजवली की ये, हात घाल. दोनदा वाजवली की थांब. गेले बारा दिवस, काका बाही वर सारून उभे राहिले की काच दोनदा वाजत होती. त्यामुळे त्यांनी बारा दिवस पाण्यात हात घातला नव्हता.

"मला वेड लागलेलं नाही," ते म्हणाले. "आवाज कुठून येतो ते मला कळतं. आतल्या बाजूने येतो."

टाकीवालीने ब्रश ठेवून काच निरखली. पण धंद्यात इतकी वर्षं गेलेली, तिने लगेच कारण शोधून सांगितलं. एका जातीची कोळंबी नांगी वाजवते, अगदी काच तडकल्यासारखी. दगडाच्या भोकात लपून आली असेल. मासेही तिनेच मारले असतील. काकांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नाही हे दिसत होतं. पुढचे दोन दिवस तिने एकेक दगड बाहेर काढून लपलेलं बाहेर यावं म्हणून भोकाभोकात जास्त खारं पाणी मारलं. खेकड्याचं पिल्लू निघालं, दोन किडे निघाले. कोळंबी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सगळे दगड जागेवर लावून झाल्यावर तिने शिंपला पुन्हा उचलायचं ठरवलं. हातमोजे बादलीवर वाळत होते. एवढ्याशा कामाला कशाला हवेत, असं म्हणून तिने तसाच हात घातला. बोटं वाळूपासून वीतभर वर होती.

टक. टक.

आवाज तिच्या चेहऱ्यासमोरच्या काचेतून आला. तिने पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. मागे खुर्चीत काका ताठ झाले.

"हात काढ," ते म्हणाले.

तिने हात काढला. लाल उजेडात शिंपल्याच्या बुडाशी वाळूचा एक कण हलला, मग दुसरा. बोटं टेकली असती बरोबर त्याच जागी वाळूतून एक बारीक नळी वर आली आणि पाण्यात इकडेतिकडे वळू लागली, आंधळ्याच्या काठीसारखी. तिच्यामागून शंख वर सरकला, बोटभर लांब, शंकूच्या आकाराचा, तपकिरी नक्षीचा, दागिन्यासारखा देखणा. असा शंख तिने फक्त पुस्तकात पाहिला होता. तो निमुळत्या तोंडातून विषारी दाताचा बाण मारतो. झोपलेला मासा जागच्या जागी थिजतो आणि अख्खा गिळला जातो. माणसाला बाण लागला तर त्यावर उतारा नाही.

 मोजे चढवून तिने लांब चिमट्याने शंख रुंद बाजूने धरला, जाड बरणीत सोडला आणि झाकण घट्ट आवळलं. मग ती जमिनीवरच बसली. काय सापडलं ते तिने काकांना सांगितलं, काही न लपवता.

काका खुर्चीतून उठून टाकीपाशी आले.

"आला कुठून?" काकांनी विचारलं.

तिचं लक्ष डाव्या कोपऱ्यातल्या जांभळ्या दगडाकडे गेलं. तो दोन महिन्यांपूर्वी मेहुणीने आणला होता. ताईला असा दगड हवा होता, म्हणून दुकानं पालथी घालून आणलेला. त्यानंतर टाकीत माशांखेरीज नवं काहीच आलं नव्हतं. "तो जांभळा दगड..." एवढंच ती म्हणाली, आणि काकांना तेवढं पुरलं.

"तिला सांगायचं नाही," ते म्हणाले. "रात्रंदिवस मनाला लावून घेईल."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मेहुणी डबा घेऊन आत आली, पडदा थोडा सारला आणि बरणीकडे पाहून तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, किती सुंदर. आपल्याच टाकीत होता? बघू." तिने झाकणाला हात घातला.

टाकीवालीने बरणी इतक्या जोरात ओढून घेतली की पाणी आत हिंदकळलं. मेहुणी बघतच राहिली.

"कॉलेजला द्यायचाय तो," काका शांतपणे म्हणाले. "त्यांना हवा होता."

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या बाईंनी शंख ओळखला आणि आधी टाकीवालीचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. टाकीवालीने वाळू सगळी उपसून बदलली. दुसरा शंख निघाला नाही, टकटकही पुन्हा झाली नाही. ती कशाची होती याबद्दल काकांनी तिला कधी विचारलं नाही. पांढरे दाणे मात्र चिवट निघाले. आधी वीस, मग सात, मग दोन, आणि सातव्या आठवड्यात ब्रश रिकामा आला.

त्या दिवशी मेहुणीही खाली आली होती. शिंपला पूर्ण उघडला होता, निळ्यावर हिरवे ठिपके चमकत होते. काकांनी बाही वर सारली, जरा थांबले, आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. शिंपला खाडकन मिटला.

"भाऊजी, तसाच दगड अजून एक मिळतोय," मेहुणी म्हणाली. "आणू का?"

"नको गं," काका म्हणाले. "आहे तोच पुष्कळ छान आहे."