नमुन्याचं ब्लँकेट

माझे बाबा, भालचंद्र केळुसकर, छत्तीस वर्षं दिल्लीत सरकारी ऑडिट खात्यात होते. दिवाळीला दारात आलेला मिठाईचा डबा आम्ही झाकण उघडायच्या आत परत जायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा, पण सवय मात्र मलाही तीच लागली.

त्या सवयीनं माझी नोकरी जायची वेळ आणली. गुडगावच्या एका गुंतवणूक कंपनीत मी अ‍ॅनालिस्ट होते. होतकरू नव्या कंपन्या हुडकायच्या आणि त्यांत पैसे घालायला आमच्या साहेबलोकांना पटवायचं, हे काम. दोन वर्षांत स्वतः शोधलेली एक तरी कंपनी मंजूर झाली तर बढती, नाहीतर मार्चमध्ये नमस्कार. जानेवारी उजाडला तरी माझी पाटी कोरीच होती.

मग पानिपतला सरोज मलिक भेटली. जुन्या कपड्यांच्या धाग्यांतून ती हॉस्पिटलांसाठी ब्लँकेटं बनवायची. बाई हुशार, कारखाना चोख. निघताना तिनं एक ब्लँकेट माझ्या हातात ठेवलं.

"रख लो मॅडम, ओढ़ के देखना."

"सॉरी, हम कुछ ले नहीं सकते," मी अगदी बाबांच्या थाटात म्हटलं आणि ते टेबलावर परत ठेवलं. तिचा चेहरा उतरला.

नंतर आठवडाभर तिनं फोन उचलला नाही. शेवटी तिच्या मॅनेजरनं सांगितलं, "जो माल घर नहीं ले जाता, उसे माल पर भरोसा नहीं. हम तो यही मानते हैं." शिवाय बंगळुरूची पैसे गुंतवणारी एक पार्टी येऊन गेली होती. त्यांनी ब्लँकेट हसत हसत नेलं होतं.

गाझियाबादला घरी पोचताच मी बाबांवर भडकले. "तुमच्या तत्त्वांपायी माझी नोकरी चाललीय."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "अगं, पण नमुना कोण नाकारतं? आम्ही भेट नाकारायचो. नमुना रीतसर पावती देऊन घ्यायचो. माल तपासल्याशिवाय शेरा कसा मारणार?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. लगेच बसून त्यांनी पावती लिहिलीसुद्धा: राखाडी ब्लँकेट, नग एक, तपासणीसाठी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

शनिवारी मी पानिपतला जाऊन सरळ माफी मागितली. सरोजनं पावती दोनदा वाचली, हसली आणि ब्लँकेट दिलं.

ते बाबांनी पांघरलं आणि दिवसाआड मशीनमध्ये धुतलं. आई कुरकुरत राहिली. नवव्या धुण्याला कडेची शिवण उसवली. मी हे सरोजला फोन करून सांगितलं. ती चिडलीच, "बाकी सब तो तारीफ़ करके गए." पण दोन दिवसांत तिनं दोरा बदलून दुसरं ब्लँकेट पाठवलं. बाबांनी आता रोज मशीन लावलं. ते वीस धुणी टिकलं.

फेब्रुवारीअखेर मीटिंग झाली. आमच्या मुख्य विजयालक्ष्मी मॅडम प्रत्येकाला एकच विचारतात, "इसमें ख़राब क्या है?" बहुतेकजण तिथे गुळमुळीत बोलतात. मी उसवलेली शिवण सांगितली आणि ती दोन दिवसांत दुरुस्त झाल्याचंही सांगितलं. मॅडमनी ते वहीत टिपून घेतलं. "ठीक है, आगे बढ़ो."

पण बंगळुरूवाले आमच्यापेक्षा जास्त पैसे देत होते. मी सरोजला फोन लावला.

"पैसा उनका ज़्यादा है," ती म्हणाली. "पर सिलाई खुली, ये किसी और ने नहीं बताया. काग़ज़ भेज दो."

माझा जीव भांड्यात पडला.

एप्रिलमध्ये बढतीचं पत्र आलं. आईनं शेजारी पेढे वाटले. बाबांनी चष्मा लावून ते पत्र खालच्या बारीक अक्षरांसकट वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाले, "उल्का, तू आमच्या खात्यात चालली असतीस."

माझ्या बाबांनी हे याआधी कुणालाही म्हटलं नव्हतं.